तुझ्या आईची जाळी

वेंडेल,

गेल्या जूनमध्ये दवाखान्यातून फोन आला, तुझी आई दुकानातच कोसळून गेली म्हणून. तेव्हा तिने ठेवलेल्या मांसाच्या बरगड्या मागच्या अंगणात ग्रिलवर भाजत होत्या. पाव संपले म्हणून ती आणायला गेली होती. निखारे मी विझवले, पण ग्रिलच्या जाळीला हात लावला नाही.

त्या लोखंडी जाळीला तिने कधी साबण लागू दिला नाही. गरम असतानाच पुसायची आणि तेल फिरवायची, त्याचाच काळा थर तिच्यावर बसला होता. हे तुला लहानपणापासून माहीत आहे. आज सगळ्यांना जेवायला बोलावलंस, त्याला मी नाही म्हटलं नव्हतं. पण काल तू ती साबणाने खरवडलीस आणि वर मलाच म्हणतोस, "डॅड, बघ, नवीकोरी दिसतेय!" तुझी बायको म्हणाली, "केवढा घाणेरडा थर होता!" तो थर तुझ्या आईचा होता, गाढवा.

मी तळ्यावर चाललोय. मांसाला मीठ-मिरी लावून फ्रीजमध्ये ठेवलंय. पाहुण्यांना माझी तब्येत बरी नाही वगैरे सांगू नकोस. म्हातारा रागावून गेलाय म्हणून सांग.

जाळीला कडेने गंज धरायला लागलाय. तेल लावायचं राहिलंय.

डॅड