ओट्याची उंची

पोळ्यानंतरचा रविवार

प्रिय विजूताई,

परवा फोनवर तू हळदीचं विचारलंस, उज्ज्वलाच्या गुडघ्याचं विचारलंस, आणि मध्येच पाऊसपाण्याचं सांगावं तसं सांगून टाकलंस, की दिवाळीनंतर हॉस्टेलची खानावळ बंद होणार, पोरींचे डबे बाहेरून येणार आणि तुला खोलीही सोडावी लागणार. मी विचारलं, मग कुठं जाशील? तू म्हणालीस, पाहू. आणि पुन्हा हळदीवर आलीस. मी ‘इकडे ये’ म्हणालो नाही, कारण त्याचं उत्तर तू फार आधी मायसमोर देऊन ठेवलेलं आहेस. फोनवर तू विषय बदलतेस आणि मी बदलू देतो, म्हणून हे पत्र. पत्रात मध्ये बोलता येत नाही. शेवटपर्यंत वाच.

आधी गावची खबर. या उन्हाळ्यात जनगणनेच्या घरयादीचं काम झालं. माणसांची खरी मोजणी फेब्रुवारीत व्हायची आहे, आत्ता फक्त घरं आणि कुटुंबं. आपल्या गावचं काम शाळेतल्या अंजू मॅडमकडे आलं. त्या अकोटकडच्या, गावात नव्या. सरपंचांनी त्यांना सांगितलं, जानरावले सोबत घ्या. ते बरोबरच सांगितलं. गावात असं घर नाही ज्याचा पंखा किंवा पाण्याची मोटार मी रिवाइंड केली नाही. कोणाचं मागचं दार कुठं उघडते, कोणाच्या मीटरवर दोन बिऱ्हाडं चालतात, हे मला तोंडपाठ. मी पहिल्याच दिवशी मॅडमना सांगून ठेवलं, की नोंद चुकताना दिसली तर मी तिथल्या तिथं बोलणार. त्या म्हणाल्या, बोला की. दुसऱ्या दिवसापासून म्हणायला लागल्या, काका, जरा हळू बोला.

यात एक नियम आहे, तो नीट वाच. दार वेगळं, म्हणजे रस्त्याकडे किंवा अंगणात स्वतंत्र उघडणारं असेल, तर घर वेगळं. आणि चूल वेगळी असेल तर कुटुंब वेगळं. या दोन गोष्टी निरनिराळ्या आहेत आणि शिकलेले लोकही त्यांची खिचडी करतात. एका छपराखाली तीन कुटुंबं असू शकतात. नातं काय, सातबारा कोणाचा, रेशनकार्डावर कोण, याचा इथं संबंध नाही. एका चुलीवरचं कोण कोण जेवते, एवढंच. मॅडम विचारायच्या, कुटुंबात सदस्य किती? की लोक गडबडायचे. कोणी लग्न होऊन गेलेली पोरगी धरायचं, कोणी मागच्या साली वारलेला बापही धरायचं. मी म्हटलं, मॅडम, असं नका विचारू. घरच्या बाईला विचारा, रात्री किती जणांची भाकर पडते? तेव्हापासून काम सरळ चाललं.

अय्यूबभाईंच्या घरी तीन भाऊ, तिघांचा संसार आणि म्हातारी अम्मी. मॅडमनी आपल्या मनानं तीन कुटुंबं धरली. अय्यूबभाई म्हणाले, चूल एक, दस्तरखान एक, मग तीन कायले लिहिता? आतून त्यांची मधली भावजय म्हणाली, एक लिहा नाही तं तीन लिहा, भांडे मलेच घासा लागतात. एकच लिहिलं. पोरं मात्र मोजताना इतकी इकडून तिकडं पळत होती, की शेवटी ओळीनं बसवून मोजली.

उकंडरावांकडे उलट. माडीचं घर, खोल्या भरपूर, आणि ते आपल्या तोंडानं अकरा माणसं सांगू लागले. मी काकूंना भाकरीचं विचारलं. त्या म्हणाल्या, दोघांची. तिन्ही पोरं पुण्याला. उकंडराव चिडले. गहू इथून जातो, तूर इथून जाते, तिखट-हळद इथून जाते, माह्या दाण्याचं खातात तं माह्या चुलीतले काहून नाही? मॅडम मोबाइलवरचा नियम वाचून दाखवत राहिल्या. काकू म्हणाल्या, दोन लिहा अन् चहा घ्या. चहा झाला. उकंडराव मग आम्हाला सोडायला फाटकापर्यंत आले. तसे ते कोणाला सोडायला येत नाहीत.

तांड्यावर गोपीचंदनं विचारलं, आत्ता तं आमी हाओत, फेब्रुवारीत उसाच्या फडात राहू, मंग आमाले कोन मोजते, का उसासंगंच मोजता? मॅडमनी वरच्या साहेबांना फोन लावला. साहेब म्हणाले, असतील तिथं मोजू. गोपीचंद म्हणाला, आले तं चहा पाजीन. भीमनगरात रूपाकडे गेलो, आशा वर्करचं काम करते ती. कुटुंबप्रमुख कोण म्हटल्यावर तिनं स्वतःचं नाव सांगितलं. नवरा बाजूलाच सायकलचं पंक्चर काढत होता. मॅडमनी त्याच्याकडे पाहिलं. तो म्हणाला, बरोबर हाय, तसंही माह्यं कोन ऐकते.

आता माळीपुऱ्यातलं सांगतो. आपली कस्तुराबाई. मायसोबत शेलूबाजारच्या बाजारात मेथी-वांगे घेऊन बसायची तीच. तिच्या दोन्ही पोरांच्या चुली कधीच्याच वेगळ्या आहेत, आणि तिची पाळी लावली होती, पंधरा दिवस थोरल्याकडे, पंधरा दिवस चंपतकडे. कोणी उपाशी ठेवलं नाही, खोटं कशाला बोलू. दोघी सुना ताट वेळेवर द्यायच्या. पण मागच्या दिवाळीनंतर म्हातारीनं पाळी मोडली आणि ओसरीच्या कोपऱ्यात स्वतःची शेगडी मांडली. गावात चर्चा झाली. चंपतला तर लोकांपुढे यायचीच लाज वाटू लागली. आम्ही गेलो तेव्हा तो घाईनं म्हणाला, मॅडम, आईले आमच्यातच लिहा. ओसरीतून कस्तुराबाई म्हणाली, “थांब बाई. मी कोनाच्यात जेवतो ते मले इचार.”

मॅडमनी विचारलं. ती म्हणाली, माह्यातच जेवतो. मॅडमनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, चूल वेगळी, कुटुंब वेगळं, नियम स्पष्ट आहे. मॅडम लिहू लागल्या. कस्तुराबाईनं विचारलं, मंग या घराचा कारभारी कोन लिहाचा? मॅडम म्हणाल्या, आजी, तुम्हीच. मग म्हातारी म्हणाली, “वाच पाहू, काय लिहिलं ते.” मॅडमनी वाचलं. तिनं पुन्हा एकदा वाचायला लावलं. थोरली सून हसत म्हणाली, आता आमी इचारूनच ओसरीत पाय देतो बाई. आणि ताई, संध्याकाळी मी तिचा टेबलफॅन परत द्यायला गेलो, तर तिनं वांग्याची भाजी केलेली, आणि दोन वाट्या काढून ठेवलेल्या, एक थोरल्याकडे, एक चंपतकडे. मी फॅन लावून पाहिला, दोनदा बटण फिरवलं, तसाच उभा राहिलो. पाळीनं जेवत होती तेव्हा तिला कोणाला काही देता येत नव्हतं, हे माझ्या इतक्या वर्षांत ध्यानात आलं नव्हतं.

घरी येताना तुझं बोलणं आठवलं. रिसोडचं सासर सोडून तू पेटी घेऊन आलीस तेव्हाचं. भाऊजींनी दुसरी आणलेली, तू त्यांना काही बोलली नाहीस, कोर्टात गेली नाहीस. मायनं तुझ्यासाठी आतली खोली झाडून ठेवली होती. तू पाणी प्यायलीस आणि म्हणालीस, “माय, भावाच्या घरी पाहुनी म्हणून येईन. भाकरीले येनार नाही.” आणि आठवड्याच्या आत अकोल्याला हॉस्टेलच्या खानावळीत स्वयंपाकाला लागलीस. तेव्हापासून भाऊबीजेला येतेस, ओवाळतेस आणि संध्याकाळची एसटी धरतेस. माय गेली तेव्हाही तेराव्यानंतर थांबली नाहीस. उज्ज्वलाला बरीच वर्षं वाटत होतं की भावजय म्हणून तिचंच काही चुकलं असेल. तसं नाही हे मी तिला सांगत आलो, पण मलाही ते नीट मांडता येत नव्हतं. त्या रात्री जेवताना मी कस्तुराबाईच्या वाट्यांचं सांगितलं. उज्ज्वलानं हातातली भाकर तव्यावर टाकली. मग म्हणाली, “ताईले आपल्या चुलीवर बोलवूच नका. त्यायले खोली द्या.”

आपल्या घराची नोंद मी स्वतः उभं राहून करवली. मागचं घर, कुटुंब एक, प्रमुख जानराव. समोरची रस्त्याकडची खोली, दार स्वतंत्र, म्हणून घर वेगळं, वापर : दुकान. तिथं माझं रिवाइंडिंगचं काम चाले, ते त्या दिवशी खरं होतं, म्हणून तेच लिहिलं. मॅडम म्हणाल्या होत्या, इतकं काटेकोर कोणीच सांगत नाही. असू दे.

पाऊस लागायच्या आत मी दुकान तिथून हलवलं. शेलूबाजारच्या रस्त्याला पत्र्याचं शेड घेतलं आहे, तिथं गिऱ्हाईकही जास्त. इकडे खोलीतलं तेलकट सगळं खरवडलं, फरशी बसवली, मागच्या भिंतीला मोरी काढली, छपराचा एक पत्रा बदलला. विजेचं मीटर वेगळं घेतलं. वायरिंग माझ्या हातचं आहे, त्याची काळजी करू नको. गॅस तुझ्याच नावावर आहे, तो बदलून इकडे आणता येतो, मी चौकशी केली. आतून आमच्याकडे यायला दार नाही. गवंडी म्हणत होता, पाडून देतो एक. मी नको म्हटलं. यायचं तर दोघांनीही अंगणातून वळसा घालून, कडी वाजवून यायचं. मॅडम आणि शाळेतल्या त्यांच्या सोबतच्या बाई जेवणाचा डबा करून द्यायला कोणी भेटते का म्हणून दोनदा विचारून गेल्या. मी त्यांना अजून काही बोललो नाही. ते तुझं तू पाहशील.

तर ताई, पत्राचं कारण सांगतो. फेब्रुवारीत मॅडम पुन्हा येतील. त्यांच्याकडे समोरच्या खोलीपुढे ‘दुकान’ लिहिलेलं असेल, आणि ते मीच सांगितलेलं आहे. माझी नोंद चुकत नाही हे गाव जाणते. ही एक चुकावी, असं मला मनापासून वाटते. तिथं चूल पेटलेली असावी, आणि कुटुंबप्रमुख कोण म्हटल्यावर तू तुझं नाव सांगावं, पाहिजे तर दोनदा वाचायला लावावं. सगळं तयार आहे, फक्त स्वयंपाकाचा ओटा बांधायचा राहिला. तो मी मुद्दाम थांबवला. हॉस्टेलचा ओटा खाली पडतो, वाकून वाकून पाठ धरते, असं तूच मागे म्हणाली होतीस. उज्ज्वलाच्या मापानं बांधला तर तुला उंच होईल, मायच्या मापानं बांधला तर पुन्हा वाकशील. म्हणून भिंतीला ताठ उभी राहा, हात कोपरात वाकव, जमिनीपासून कोपरापर्यंत टेप लावायला कोणालातरी सांग, आणि ते माप मला कळव. त्यातून चार बोटं मी कमी करीन. गवंडी दसऱ्यापर्यंत मोकळा आहे.

तुझाच,
जानराव