पुस्तकात सापडलेलं वावर

आबा, तुम्ही गेलात तेव्हा मी बीडच्या कॉलेजात ग्रंथालयात नुकती लागले होते. आता निवृत्तीला वर्ष उरलं आहे. गेल्या पावसाळ्यानंतर प्राचार्यांनी सांगितलं, आपल्या जिल्ह्यातल्या लेखकांचं एक वेगळं कपाट करा. काम होतं, केलं. गावोगाव फोन लावले आणि पुस्तकं येऊ लागली. कुणी एसटीच्या कंडक्टरकडे दिली, कुणी स्वतः पिशवीत घालून आणली. नोंद करायची तर आत काय आहे ते बघावं लागतं, म्हणून वाचत गेले. मला वाटायचं, जिल्हा मला माहीत आहे. खरं तर वडवणी ते बीड एवढाच रस्ता माहीत होता. तेलगावच्या एका बाईंनी तिथल्या विहिरींवर लिहिलं होतं, कोणती कुणी खोदली, कोणत्या विहिरीवर कुणाला पाणी भरू देत नव्हते. दुसऱ्या एका पुस्तकात डोंगरातल्या गवतांची नावं होती, पवन्या, कुसळी, मारवेल. तुमच्या तोंडून ऐकलेली ही नावं मी छापलेली पहिल्यांदाच पाहिली. आनंद व्हायला हवा होता. मी कार्ड लिहिलं आणि पुढचं पुस्तक घेतलं.

तेव्हा आत्याचं स्वयंपाकघर आठवलं. मी चौथीत आहे. तुम्ही मेंढ्या घेऊन नदीकडून परतला आहात, चुलीपुढे बसून भाकरी खाता आहात, जाळाच्या उजेडात तुमच्या डाव्या कानाची फाटलेली पाळी दिसते आहे. मी भूगोल मोठ्याने वाचते आहे. तुम्ही विचारता, "ह्यात आपलं काय हाय?" मी म्हणते, "जिल्ह्याचं नाव हाय." "आन् गावाचं?" "न्हाई. आपल्या गावावर कोन लिवणार?" तुम्ही घास चावत राहता. मग म्हणता, "बरं, जे हाय ते वाच." मी वाचत राहते.

चकलांब्याच्या एका निवृत्त मास्तरांचं पुस्तक दिवाळीनंतर आलं. त्यांच्या वावराची, वावरात आलेल्या-गेलेल्या माणसांची हकीकत होती. मधल्या एका प्रकरणात वडवणीकडचा एक मेंढपाळ होता. डाव्या कानाची पाळी फाटलेली, एकुलती मुलगी शिकायला बहिणीकडे ठेवलेली. दर साली तो खतासाठी त्यांच्या रानात मेंढ्या बसवायचा. एका साली त्याची बायको तीन दिवसांच्या तापाने तिथेच गेली. मास्तरांच्या वडिलांनी बांधावर जागा दिली, तिथे तिला माती दिली, वर दगड रचले. पुढे दर साली तो त्या लहानशा वावरात एका मुक्कामाऐवजी दोन करायचा. वडिलांनी विचारलं, "कावून रं?" तर म्हणाला, "खत पडू द्या चांगलं."

मी ते पान वाचलं आणि पुढचंही वाचलं. मग घंटा झाली, मुलं पुस्तकं परत करायला आली, त्यांची पुस्तकं घेतली.

आई गेली तेव्हा मी चार वर्षांची होते, आत्याकडे. कुठे गेली विचारलं की तुम्ही म्हणायचा, "तिकडं, नदीच्या अंगाला." दहावीच्या साली मी हट्टाने विचारलं, नक्की कुठं. तेव्हा तुम्ही माझ्यावर एकदाच ओरडलात. "गेलेल्या मान्साचा पत्ता घिऊन काय करणार हाइस? आभ्यास कर." त्यानंतर मी विचारलं नाही. तुम्ही बोलत नव्हता म्हणून माझा राग होता, पुढे तोही राहिला नाही. तुम्हीच राहिला नाहीत.

एका रविवारी गेवराईपर्यंत एसटीने आणि तिथून जीपने चकलांब्याला गेले. मास्तर ओसरीवर बसले होते. थकले आहेत, ऐकू कमी येतं. "पुस्तकाबद्दल आलेय," म्हटलं तर म्हणाले, "वाचलं का कुनी?" मी होय म्हटलं. ते प्रकरण उघडून दाखवलं आणि ती जागा बघायची म्हटलं. त्यांनी काठी घेतली. कापूस वेचून झाला होता, वाळलेल्या पऱ्हाट्या तशाच उभ्या होत्या. बांधाशी ते थांबले. "मधी रान सपाट केलं. ट्रॅक्टरनं दगडं हालले. हितंच हाय, पर नेमकं हितं का तितं, आता न्हाई सांगता येनार." मी त्या दोन्ही जागांकडे पाहिलं. दोन्हीकडे सारखीच काळी माती होती. तुम्ही दर साली इथे दोन दिवस काय करत असाल याचा विचार करून पाहिला, पण तुम्ही मेंढ्यांच्या मागे उभे, एवढंच दिसलं. रडू आलं नाही. पायात काटा मोडला होता, तो काढला.

मास्तरांनी विचारलं, "तुमी त्यांच्या कोन?"

"मुलगी."

त्यांनी काठी बांधाच्या मातीत टेकवली. मग म्हणाले, "तुमी शिकायला हाव एवढंच आमाला ठावं व्हतं. पुस्तक निघायच्या लई सालं आंदीच ते गेले. मी लिवाय घेतलं तवा त्यांनी इचारलं व्हतं मला, ह्यात आमचं गाव यील का." परत येताना ते सावकाश चालत होते, मी त्यांच्या मागे. ओसरीवर त्यांच्या सुनेने चहा दिला. तुमच्याबद्दल अजून काही विचारावं असं मनात होतं. मी कपबशी उचलून आत नेऊन दिली. जीपची वेळ झाली तेव्हा त्यांनी चष्मा लावला, तेच पान पुन्हा उघडलं आणि पेन्सिल हातात घेतली.

"दुसरी आवृत्ती काढायची हाय. चुकलं आसलं तर आत्ताच सांगा. तुमची आय उंच, सावळी आन् हासऱ्या तोंडाची व्हती, आसं मी लिवलंय. मी तवा ल्हान व्हतो. बरूबर हाय ना?"

मी म्हटलं, "बरोबर आहे." त्यांनी त्या ओळीपुढे खूण केली.

आबा, मला आईचा चेहरा आठवत नाही.