जातं रिकामं झाल्यावर

माघ शु. ३
गोदा माहेरी आल्यापासून झोप नावालाच. पहाटे दळायला बसते, शेजारचीही ज्वारी मागून आणते. दमत नाही. ओव्या तिच्या स्वतःच्या, रोज नव्या. एक उतरवून ठेवते –
दळण दळीते, पीठ पडं चांदण्याचं
माझ्या माउलीला, याड लागलं वाचण्याचं
हे माझ्या पोटी कुठून आलं?

माघ शु. ५
चकलांब्याहून व्याही आले. जावई बाहेर बैलांपाशीच थांबले. गोदेनं टोपलीभर भाकरी केल्या. म्हणाली, "मामंजी, मिशीला पीठ लागलंय, दळाया तुमीच बसलता का?" व्याहीही हसले. जाताना मान खाली घालून म्हणाले, "इनबाई, पुनवंला गाडी आणतो. पोरीला दर्ग्यात बांधावं लागंल. साखळी घेतलीय."
माणूस वाईट नाही. घाबरलाय.

माघ शु. ८
बीडला हकीमसाहेबांकडे गेले. ह्यांचंही, गोदेच्या वडिलांचं, सांगितलं. त्या उन्हाळ्यात विहीर आटली तरी मोट हाकत राहिले. बैलांच्या खांद्यांतून रक्त. मला ओळखलं नाही. मग विहिरीतच...
हकीम म्हणाले, "आक्का, चढ निराळा, याड निराळं. चढात माणूस दुप्पट काम करतं, पर काम सरल्यालं त्याला कळतं. याडात कळत न्हाई. लेक दाणे सरल्यावर थांबती का, तेवढं बघा. आज चढ हाय म्हून उद्या याड न्हाई, असं मातर मी म्हणनार न्हाई."

माघ शु. १०
थांबली. दाणे सरताच हात थांबला. जातं पुसून वर चार दाणे ठेवले. रिकामं जातं फिरवू नये, हे ती विसरलेली नाही. मी भिंतीला टेकून बघत राहिले. देवळातही असे हात जोडले नव्हते.

माघ शु. १३
आज दाणे सरले, जातं फिरतच होतं. दगडावर दगड. हाक मारली. ओवी पुरी करून थांबली. "आई, अर्धी ओवी कशी सोडू?"
हाकेला थांबली तर काय समजायचं, ते हकीमांना विचारायचं राहिलं. हेही पहिल्यांदा हाकेला थांबत होते का? आठवत नाही.

पौर्णिमा, पहाट
गाडी दारात आहे. व्याह्यांना ओट्यावर बसवलंय. म्हटलं, कान द्या. थांबली तर साखळी परत न्या. ते कबूल झाले. जावईही आज आत आले, उंबऱ्यापाशी बसलेत.
आत गोदा गातेय, आजही नवी. सुपातले दाणे सरत आले.
जात्याचा आवाज कोरडा झाला. व्याह्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी बोट वर केलं – थांबा, ओवी अजून अर्धी आहे.