एका तारखेच्या दोघी

३ फेब्रुवारी, सोमवार

नोंदवून आले! दहाही बोटं, दोन्ही डोळे आणि एक फोटो. फोटोत मी जप्तीची नोटीस आलेल्या बाईसारखी दिसते. पोस्टात तिकिटांच्या खिडकीशेजारी या सरकारी ओळख-नंबराच्या योजनेची नवी खिडकी उघडली आहे. डिंकाचा वास मात्र तोच, लहानपणचा. पस्तीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये बसून लोकांना नंबर जोडून दिले – आता सरकार मला नंबर देणार.

ताईचं अडलं. तिने सवयीने मला पुढे ढकललं, म्हणाली आधी छोटीचं करा. छोटी चौसष्ट वर्षांची आहे! मग तिची पाळी. मोतीबिंदूमुळे यंत्राला तिचे डोळे वाचता येईनात. बोटं ठेवली, तर जन्मभर गणवेशांची काजं करून त्यांवरच्या रेघा पार गुळगुळीत. खिडकीवाले गृहस्थ निवृत्तीला टेकलेले. चष्म्यावरून बघत म्हणाले, ‘बाई, तुम्ही नक्की आहात ना?’

‘सकाळी निघाले तेव्हा होते,’ ताई म्हणाली.

हसलो खरे, पण नंबर नसेल तर इस्पितळ २४ तारखेला तिच्या डोळ्याचं ऑपरेशन करणार नाही. आणि ऑपरेशन झाल्याशिवाय यंत्राला तिचा डोळा दिसणार नाही. ही तारीख हुकली तर पुढची सहा महिन्यांनी. उजव्या डोळ्याला आता नुसता उजेड कळतो. डावाही त्याच वाटेवर आहे.

४ फेब्रुवारी, मंगळवार

बोटं-डोळे नसले तरी अर्ज भरण्याची सोय निघाली. भरला. कॉम्प्युटरने परत फेकला! आईवडील तेच, पत्ता तोच, जन्मतारीखही तीच – ही व्यक्ती आधीच नोंदलेली आहे म्हणे. म्हणजे मी!

सगळी करणी बाबांची. ताई माझ्याहून दीडेक वर्षाने मोठी. पण तिच्याशिवाय शाळेत जाणार नाही म्हणून मी कॉन्व्हेंटच्या पायरीवर लोळण घेतली, तेव्हा बाबांनी माझ्या जन्माचा कागद पुढे करून सांगून टाकलं, जुळ्या आहेत. ही घरातली जुनी गोष्ट. मोठ्या सिस्टरांनी आम्हाला शेजारी उभं केलं. मी ताईच्या कानापर्यंतही पोचत नव्हते. सिस्टरांनी एकदा बाबांकडे पाहिलं, एकदा वर छताकडे, आणि लिहिलं – जुळ्या. निळ्या शाईत, किती सुंदर अक्षर! दहा वर्षं आम्ही एका बाकावर बसलो. अजून ताईच्या सगळ्या कागदांवर माझीच तारीख आहे.

६ फेब्रुवारी, गुरुवार

खिडकीवाले म्हणतात, जन्मनोंदणीच्या कचेरीतून ताईचा खरा उतारा आणा, लगेच करतो. सोपं आहे.

ताईच्या शिवणयंत्रावर चहाचा कप ठेवला म्हणून बोलणी खाल्ली. चाळीस वर्षं तीच बोलणी. खडखडणारं जुनं धूड. नवं घेऊन देते म्हणून दोनदा सांगितलं, ऐकेल तर शपथ.

१० फेब्रुवारी, सोमवार

कचेरीत एकटीच गेले, ताईला जिने झेपत नाहीत. तिथल्या बाई चांगल्या. पदराने धूळ पुसत त्यांनी माझ्या आधीची पाच वर्षं पानन् पान पाहिली. मग नंतरची दोन. मग माझ्या आग्रहाखातर पुन्हा सगळी.

आमच्या आईबाबांच्या नावावर एकच मुलगी. मी.

बाई म्हणाल्या, त्या काळी पुष्कळ लोक नोंदवायचं विसरत. पण बाबा? दूध न आलेला दिवससुद्धा कॅलेंडरवर लिहिणारे बाबा? माझी नोंद तिसऱ्या दिवशी केली आहे त्यांनी! पहिल्या लेकीची विसरतील?

जिना उतरताना कठडा घट्ट धरला.

११ फेब्रुवारी, मंगळवार

ताईने विचारलं काय झालं. म्हटलं, रांग मोठी होती.

१२ फेब्रुवारी, बुधवार

फोटोंचा डबा काढला. पाळण्यातली मी, पालथी पडलेली मी, बोळकं पसरून हसणारी मी. ताईचा पहिला फोटो: त्या शिवणयंत्राशेजारी उभी, चारेक वर्षांची, मला कसंबसं कडेवर उचललेलं, दोघीही पडायच्या बेतात. त्याआधीचा एकही नाही. इतकी वर्षं हा डबा किती वेळा उघडला असेन मी.

तिला हे सांगायचं? पासष्टी उलटल्यावर? सकाळी तिने माझ्या झग्याचं बटण नुसतं चाचपून लावून दिलं.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

ठरलं – थाप मारायची! तिला सांगितलं, तुझ्या जन्माचं पान वाळवीने खाल्लं. कॉन्व्हेंटमध्ये खोटं बोलल्यावर मान खाली घालून भिंतीकडे उभं करायचे. मी आपणहोऊन भिंतीकडे तोंड करून भांडी लावत बसले.

ताई एवढंच म्हणाली, ‘हं.’

पोस्टात जाऊन खिडकीवाल्यांना मात्र खरं सांगितलं. ते बराच वेळ शिक्क्याशी चाळा करत राहिले. मग म्हणाले, कागदच नसेल तर घरातल्या नंबर मिळालेल्या माणसाने हमी द्यावी, आणि जन्मतारीख ज्याची त्याने सांगावी. आता माझा नंबर आला पाहिजे. लवकर ये बाबा!

१७ फेब्रुवारी, सोमवार

आला! पोस्टमनला पाण्याऐवजी सरबत दिलं. बारा आकडी नंबर. एक्स्चेंजची सवय – तासाभरात पाठ!

१८ फेब्रुवारी, मंगळवार

हमीच्या कागदावर सही केली. नातं: सख्खी बहीण. ‘सख्खी’ त्यांनी विचारलं नव्हतं, मीच लिहिलं. पेन जरा जोरातच दाबलं गेलं.

मग खिडकीवाल्यांनी ताईला जन्मतारीख विचारली. ताईने शांतपणे तारीख सांगितली – माझ्या तारखेच्या बरोबर एक दिवस आधीची.

खिडकीवाल्यांनी पेन खाली ठेवलं. ‘बाई, सख्ख्या बहिणी, आणि एका दिवसाचं अंतर?’

‘आमच्या आईने कधी कसली घाई केली नाही,’ ताई म्हणाली. ‘लिहा तुम्ही. मोठी आहे मी.’

त्यांनी लिहिलं. कॉम्प्युटर मुकाट्याने गिळून बसला! पावती मिळाली. इस्पितळाला पावती चालते, २४ तारीख पक्की. रिक्षात मला हसू आवरेना. वाळवी पचली तिला, देव पावला.

१९ फेब्रुवारी, बुधवार

संध्याकाळी ताई यंत्रावर हात फिरवत बसली होती. म्हणाली, ‘वाळवी फार हुशार गं. नेमकं माझंच पान खाल्लं.’ मग यंत्र थोपटत म्हणाली, ‘हे यंत्र माझ्या आईचं, छोटे. ती गेली तेव्हा बाबांनी मला यंत्रासकट घरी आणलं. चार वर्षांची होते. सगळं आठवतं.’

साठ वर्षं! मला का नाही सांगितलंस, म्हटलं.

‘सांगितलं असतं तर माझं ऐकलं असतंस का?’ ती म्हणाली. ‘आता ऊठ, दिवा लाव.’

लावला.