खंड्याची भाकरी

मंगळवार, संध्याकाळ

खंड्याच्या साखळीत पाय अडकून आबा पडले, म्हणून गेल्या आठवड्यात मीच त्या कुत्र्याला उंब्रजहून सांगलीला आणलं. एकट्या म्हाताऱ्या माणसाला हा व्याप कशाला, हे माझं शहाणपण.

आज आबांच्या शेजारच्या काकूंचा फोन. "अगं, आबा भाकरीच करंनात. च्या-बिस्किटावर हायती."

मी आबांना फोन लावला आणि त्यांच्यावर चिडले. ते शांतपणे म्हणाले, "एकट्यासाठी कोण थापतंय? खंड्याची करायची म्हनून माजी व्हायची."

इथं खंड्यानंही माझी भाकरी नुसती हुंगून ठेवलीय. दाराशी बसून राहतो.

उद्या सोडून येते त्याला. एवढी शिकले मी, पण पायात आली साखळी आणि घरातून काढलं कुत्र्याला.