चालू न होणारा कॉम्प्युटर

कबनूर,
ता. ५ ऑक्टोबर २०२५

ती. आत्तीस,
आदितीचा जय जिनेंद्र. सा. न. वि. वि.

तुला फोनवर ऐकू येत नाही, म्हणून सगळी जळजळ कागदावर काढते. सुटे भाग आणून मी स्वतःच कॉम्प्युटर जोडायला घेतला होता ना, तो जोडून झाला. बटण दाबलं की पंखा फिरतो, दिवा लागतो आणि पडदा मात्र काळा ठिक्कर. व्हिडिओ बघून बघून सगळं सोडवलं, परत बसवलं. बोटं सोलली, पण ढिम्म.

आप्पा आधीपासनंच म्हणतात, दुकानात तयार मिळतोय की, कशाला नसता उद्योग. आपण जोडलेला असला की मोठं काम आल्यावर एखादाच भाग बदलता येतो, अख्खा टाकावा लागत नाही, हे सांगून सांगून मी थकले. शेवटी म्हणाले, दिवाळीपर्यंत चालू कर, आपल्या मागांवरच्या साड्यांच्या काठांची डिझाइनं तुझ्याकडं. न्हाय झालं तर काकांच्या अरिहंतकडं. तो येता-जाता दारातनं विचारतो, चालू झाला काय गं. त्याच्या डोक्यात स्क्रू ड्रायव्हर घालावासा वाटतो.

शाळेत असल्यापासून मी काठांच्या नक्ष्या काढतेय. हे काम त्याच्याकडं गेलं तर मला सहन व्हायचं नाही.

गुडघ्यांचं कळव. लोभ आहे तसाच राहू दे.

तुझी,
आदिती


पेठ वडगाव,
ता. ९ ऑक्टोबर

चि. आदितीस,
अ. उ. आशीर्वाद.

गुडघे कुरकुरतात, बाकी बरी आहे. कॉम्प्युटरातलं मला काय कळतंय? पण रडत बसू नको. रडून मशीन चालत असतं तर तुझ्या बापाचे माग कधी बंदच पडले नसते. तुझा आप्पा महावीर बोलतो तोडून, मनावर घेऊ नको. अरिहंतला चहा पाज आणि दार लावून घे. मग सगळं परत सोडव आणि चांगल्या उजेडात एकेक भाग बघ. घाईत माणसाला दिसत नाही.

शेंगदाण्याची चटणी पाठवतेय. आईला खायला सांग. पत्राला उशीर करू नको, वाट बघते.

तुझी,
अक्काताई आत्ती


कबनूर,
ता. १४ ऑक्टोबर

ती. आत्तीस,
सा. न. वि. वि.

तुझं ऐकून सगळं अंगणात मांडलं. मेमरीची पट्टी जिथं बसते, त्या बारीक फटीत लाल-पिवळं काहीतरी अडकलेलं. ब्रशनं काढलं तर हळद-कुंकू.

आईवर उखडले. ती म्हणाली, माझा हातसुद्धा लागला नाही. तू वायर आणायला इचलकरंजीला गेल्तीस, तेव्हा आप्पा कुंकवाचा करंडा मागून तुझ्या खोलीत गेले होते. मागांच्या शेडात नवा माग बसला की ते आपल्या हातानं हळद-कुंकू लावतात, हे तुला सांगायला नको, आत्ती. दुसऱ्याच्या मशीनला ते बोटही लावत नाहीत.

भांडायचंच म्हणून शेडात गेले. इतके दिवस माझा जीव खाल्ला त्या कुंकवानं. पण आप्पांना बघून तशीच मागं फिरले. घरी येऊन फट साफ केली, पट्टी बसवली आणि पडदा उजळला. मग आप्पांना बोलावलं. ते पडदा बघून म्हणाले, पाडव्याच्या साड्यांचा काठ आजच काढायला घे. मी विचारलं, मग अरिहंतला काय सांगणार? तर म्हणाले, त्याला मी कधी इचारलंच न्हवतं.

मी अजून रागातच आहे. तुझी माया असू दे.

तुझी,
आदिती