हत्तीडोहात मासा नाही

६ एप्रिल १९५७

पोचलो एकदाचा! सावलीहून बैलगाडीने वैनगंगेपर्यंत — हाडं खिळखिळी झाली. मुंबईच्या समुद्रात संशोधनाच्या बोटीवर ओढजाळी ओढली, वर्षानुवर्षं उलट्या काढल्या, त्याचं हे बक्षीस. मुंबई राज्य आता चांदा जिल्ह्यापर्यंत पसरलंय, तेव्हा इथल्या डोहांतले मासेही मोजा म्हणे.

काम तसं सोपं. दोन डोंग्यांच्या मध्ये जाळं, खालच्या दोराला शिशाची वजनं, आणि डोहाचा तळ या टोकापासून त्या टोकापर्यंत खरवडायचा. निघेल ते मोजायचं, वर कळवायचं.

डोंगे ढिवरटोलीचे, म्हणजे इथल्या कोळ्यांच्या वस्तीचे. पत्रू त्यांचा म्होरक्या — तोंडातून शब्द निघेल तर शपथ. हुकूम चालतो तो त्याच्या आईचा, गुणाबाईचा. मला खालीवर न्याहाळून म्हणाली, "भलताच बारीक सायेब धाडला सरकारनं!" म्हटलं, बाई, खाऱ्या वाऱ्याने सुकवलाय.

८ एप्रिल

हत्तीडोहात पहिली ओढ. जाळ्यात एक फुटकी टोपली. बस्स.

९ एप्रिल

आज टोपलीही नाही.

आणि संध्याकाळी काठावर बसलो तर डोहाच्या मधोमध मासे उसळत होते! चांगले हातभर लांबीचे. पाणी काळंभोर, वारा पडलेला, आणि मध्येच धप्प. पत्रूला विचारलं, सकाळी हे कुठे असतात? म्हणाला, "असन कुठीतरी."

टोलीत मी शिरलो की बोलणी थांबतात. बायका चुलीकडे बघत बसतात. उद्धट कोणी नाही, भाकरी वेळेवर येते. पण सगळी टोली श्वास धरून बसल्यासारखी वाटते, आणि कशासाठी ते मला कळत नाही. मला इथे भीती वाटते. उगाच नाही, खरोखरच वाटते.

११ एप्रिल

नदीकाठाने वरच्या टोलीपर्यंत चालत गेलो. टोली कसली! झोपड्यांची दारं उघडी, आत कोणी नाही. एक डोंगा उलथा पडलेला, त्याला वाळवी. डोहाच्या काठी मात्र ठेकेदाराची नवीकोरी चौकी, आणि तिथला माणूस माझ्याकडे काठी घेऊनच आला. ढिवर कुठे गेले विचारलं तर म्हणाला, "कोयल्याच्या खदानीत. इथी काय काम त्याईचं?"

परतताना सारखं मागे वळून बघत होतो.

१२ एप्रिल

कळलं!

जाळं वाळत घातलं होतं, सहज हात फिरवला. स्वच्छ. समुद्रात तळ घासून आलेलं जाळं काळ्या गाळाने माखतं, धुता धुता कंबर मोडते. इथे गाळाचा कण नाही. म्हणजे ते तळाला टेकलेलंच नाही. शिसं तर जागेवर होतं. मग?

दुपारच्या ओढीला जाळ्याकडे न बघता माणसांकडे बघत बसलो. पत्रूच्या पायाखाली एक बारीक दोरी. खालच्या दोराला बांधून वर आणलेली, टाचेने दाबून धरलेली. दुसऱ्या डोंग्यात त्याचा जोडीदार लटारू, त्याच्या पायाखालीही तशीच. जाळं अधांतरी तरंगत होतं आणि सगळे मासे खालून आरामात जात होते. मी पत्रूच्या पायाकडे बोट दाखवलं. त्याने पाय उचलला नाही.

काठावर गुणाबाई वाट बघतच उभी होती. खोटं बोलली नाही. म्हणाली, "वरचा डोह असाच मोजला होता मागच्या सरकारात. मासोळीच मासोळी निंघाली. सायेब खूश, अन् महिन्याभरात डोह ठेकेदाराले. आता तिथी आमच्या मान्साले गळ टाकाची बी मनाई हाय. म्हून आमी ठरवलं, हत्तीडोहात मासाच नाई."

"मग मी काय करू, बाई?"

"तुमी काई नोका करू. तेवढा पाय तिथीच राहू द्या."

मी वरच्या टोलीची उघडी दारं बघून आलोय.

१४ एप्रिल

लिहून टाकलं — हत्तीडोहात मासा नाही. खाली सही केली. खोटी मोजणी आजवर कधी केली नव्हती, पण आज छान झोप लागेल.

पत्रू पहिल्यांदा हसला. दात सुपारीने लाल झालेत त्याचे.

१७ एप्रिल

वरिष्ठ साहेब स्वतः जीपने आले. मी बोलणी खायच्या तयारीत होतो. ते तर खूश! "एकही नाही? नक्की ना? शाब्बास!" पाठ थोपटली माझी.

सोबत दोन अनोळखी माणसं, चकचकीत बूटवाली. त्यांनी बाटल्यांत डोहाचं पाणी भरून घेतलं, धार किती जोरात आहे ते काटकी टाकून बघितलं. माशांचं नावही काढलं नाही. मत्स्य खात्याचा साहेब मासा नाही म्हणून इतका खूश कसा? विचारायची हिंमत झाली नाही.

२० एप्रिल

साहेबांनी आज सावलीत चहा पिता पिता सांगितलं. वर कारखाना येतोय. त्याचं विषारी पाणी सोडायला मासे नसलेला डोह हवा होता. हत्तीडोह मंजूर. म्हटलं, पुन्हा एकदा ओढू या, माझी चूक झाली असेल. म्हणाले, "आता कसली चूक? कागद वर गेले, सही तुमची आहे."

टोलीत परतलो तर गुणाबाई दारातच उभी. पळसाच्या पानांत गुंडाळलेली ताजी मरळ माझ्या हातात ठेवली. डोहातली. म्हणाली, "वाचला न् भाऊ डोह?"

मी हो म्हणालो.